तीन मुलं, तीन इयत्ता, एकच आई: बालभारतीच्या पुस्तकांचा होमस्कूलिंगवाला रिव्ह्यू

हा रिव्ह्यू ज्यांची दोन-तीन मुलं घरीच शिकतायत त्यांच्यासाठी लिहितेय. दर मे महिन्यात आपल्या सगळ्यांना एकच प्रश्न पडतो, की एवढ्या वेगवेगळ्या वयाच्या पोरांना एकट्या माणसाने शिकवायचं तरी कसं. आमच्याकडे थोरली तेरा वर्षांची, मधला दहाचा आणि धाकटी सहाची. आम्ही साताऱ्यात राहतो. थोरली चौथीपर्यंत शाळेत गेली, मधला जेमतेम पहिली करून आला आणि धाकटीने शाळा बाहेरूनच बघितलीय. होमस्कूलिंग करावं की नाही हा वाद मला इथे घालायचा नाही, तो ज्याच्या त्याच्या घराचा निर्णय. मला सांगायचंय ते अभ्यासक्रमाबद्दल, आणि तेही सरळ सांगते: अनेक मुलांचा अभ्यासक्रम स्वतः बांधायचा असेल तर त्याचा पाया म्हणून बालभारतीच्या पुस्तकांइतकं चांगलं आणि स्वस्त दुसरं काही मला अजून मिळालेलं नाही. फक्त ती शाळेत वापरतात तशी वापरायची नाहीत.

याआधी आम्ही एका कंपनीचं रेडीमेड पॅकेज घेतलं होतं. नाव देत नाही, कारण तशी पॅकेजेस बरीच आहेत आणि बहुतेकांची रचना तीच. प्रत्येक मुलामागे वेगळी फी, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, वेगळं टाइमटेबल, वेगळ्या वर्कशीट्स. एक मूल असेल तर ते कदाचित छान चालत असेल. तीन मुलं असली की सकाळी नऊ वाजता एक स्क्रीनसमोर डायनॉसोर बघतंय, दुसरं हेडफोन लावून अपूर्णांक करतंय आणि तिसरं माझ्या पदराला धरून उभं, कारण त्याचा व्हिडिओ अडकलाय. एकाच घरात तीन शाळा भरायच्या आणि मी त्या तिन्हीची शिपाई. एकमेकांशी बोलायला पोरांकडे विषयच नसायचा, कारण कोण काय शिकतंय याचा दुसऱ्याला पत्ताच नाही. वर्षाच्या मध्ये बंद करायचं म्हटलं तर पैसे परत नाहीत, 'पॉलिसी आहे मॅडम' एवढंच उत्तर. असो, त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता बालभारती. पूर्ण नाव महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर ऑफिस, १९६७ पासून चालू आहे. आपण सगळे हीच पुस्तकं शिकून मोठे झालो आणि म्हणूनच की काय आपल्याला त्यांची किंमत नाही. पूर्ण इयत्तेचा सेट काही शे रुपयांत येतो, आणि तेही नको असेल तर ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहेत, सगळ्या इयत्तांच्या आणि वेगवेगळ्या माध्यमांच्या. म्हणजे विकत घ्यायच्या आधी पूर्ण पुस्तक चाळून बघता येतं. कुठल्या पॅकेजवाल्याने मला हे करू दिलं नव्हतं, तिथे डेमो म्हणजे दोन रंगीत पानं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. या पुस्तकांमध्ये तेच विषय दर दोन-तीन वर्षांनी परत येतात, थोडे खोल होऊन. चौथीला परिसर अभ्यास भाग दोन म्हणजे शिवछत्रपती, आणि सातवीचा इतिहास बघा, परत शिवपूर्वकालीन महाराष्ट्रापासून स्वराज्याची स्थापना, कारभार आणि पुढे मराठ्यांचा स्वातंत्र्यसंग्राम, सत्तेचा विस्तार. तिसरीचं परिसर अभ्यास तर जिल्ह्याप्रमाणे वेगळं छापलेलं असतं, आम्हाला सातारा जिल्ह्याचं मिळालं. सहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा हवा, पाणी, जमीन, आणि खालच्या इयत्तांच्या परिसर अभ्यासातही तेच हवा-पाणी-जमीन सोप्या भाषेत. शाळेत हे लक्षात येत नाही, कारण तिथे सातवीतला मुलगा आणि चौथीतला मुलगा एका वर्गात बसत नाहीत. आपल्या घरात बसतात!

तर पद्धत अशी. मे महिन्यात चार-पाच दिवस निवांत बसायचं, तिन्ही इयत्तांच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी मांडायच्या आणि पेन्सिलीने जे जे जुळतं त्याला खूण करायची. जे जुळलं ते 'सगळ्यांचं', जे जुळलं नाही ते 'आपापलं'. इतिहास, भूगोल, विज्ञान, नागरिकशास्त्र बहुतेक सगळं पहिल्या रकान्यात जातं. गणित आणि भाषेचा पाया, म्हणजे वाचन-लेखन, हे दुसऱ्या रकान्यात, आणि ते तिथेच राहू द्या, तिथे एकत्र करायला जाऊ नका, मोठ्याला कंटाळा येतो आणि लहानग्याचा आत्मविश्वास जातो. मग वर्ष इयत्तेप्रमाणे पाडायचंच नाही, विषयाप्रमाणे पाडायचं. आमचं मागच्या वर्षीचं जून ते दिवाळी म्हणजे स्वराज्य, दिवाळीनंतर सूर्य-पृथ्वी-ऋतू, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी आणि नद्या. तिन्ही पोरं एकाच विषयात असतात आणि प्रत्येकजण आपापल्या उंचीवरून बघतो.

एक उदाहरण नीट सांगते म्हणजे कळेल. पुरंदरचा तह, जून १६६५. तेव्हा थोरली बाराची, मधला नऊचा, धाकटी पाचची होती. मी आधी सगळ्यांना मिळून गोष्ट सांगितली, मिर्झाराजे जयसिंग, दिलेरखानाचा वेढा, मुरारबाजी देशपांडे, आणि शेवटी महाराजांनी २३ किल्ले आणि वर्षाला चार लाख होन (तेव्हाची सोन्याची नाणी) उत्पन्नाचा मुलूख देऊन तह केला, हाताशी १२ किल्ले ठेवले. धाकटीला मी डबाभर चिंचोके दिले. पस्तीस मोज, आता त्यातले तेवीस मुघलांना दे, किती उरले सांग. तिने मोजून मोजून बारा सांगितले आणि मग तिचं तोंड एवढंसं झालं, म्हणाली एवढेच उरले? पस्तिसातून तेवीस वजा करणं वहीत किती वेळा केलं असतं, पण त्यात बारा म्हणजे किती कमी हे कळलं नसतं.

मधला चौथीच्या पुस्तकातून तो भाग स्वतः मोठ्याने वाचत होता आणि त्याने महाराज आणि मिर्झाराजे यांचा संवाद लिहायला घेतला, शुद्धलेखन बेताचंच होतं पण दोन पानं लिहिली. आणि थोरलीसमोर सातवीचं पुस्तक, महाराष्ट्राचा मोठा नकाशा आणि किल्ल्यांची यादी. तिने आधी फक्त खुणा केल्या, पुरंदर गेला, कोंढाणा गेला, लोहगड गेला, माहुली गेला, आणि राजगड, तोरणा, रायगड राहिले. मग तिच्याच लक्षात यायला लागलं की पुण्याच्या आसपासचे मोक्याचे गड गेले आणि सह्याद्रीच्या आतल्या बाजूचे अवघड डोंगर हाताशी राहिले. मधल्याने विचारलं, आपला अजिंक्यतारा पण दिला का? तर तो तेव्हा स्वराज्यात नव्हताच, आदिलशाहीकडे होता, १६७३ मध्ये आला. हे थोरलीने शोधून त्याला सांगितलं, मी नाही. दुसऱ्या दिवशी अजिंक्यताऱ्यावर गेलो, तिथून दिसणारे डोंगर एकेक करून ओळखायचा खेळ झाला. पुढे १६७० मध्ये कोंढाणा परत घेतला तो भाग आला तेव्हा धाकटीने न सांगता एक चिंचोका डब्यातून काढून आपल्या बाजूला ठेवला. तीन वयं, एक तह, आणि मला तयारी एकदाच करावी लागली. माझ्या दृष्टीने हाच या पुस्तकांचा सगळ्यात मोठा गुण आहे.

भूगोलाची पुस्तकं तर मला इतिहासापेक्षाही जास्त आवडली, विशेषतः सहावी ते आठवीची. त्यात 'करून पहा' टाइपच्या कृती खऱ्याखुऱ्या करण्यासारख्या आहेत, नुसत्या जागा भरायला टाकलेल्या नाहीत. सातवीच्या भूगोलात ऋतुनिर्मितीचा धडा सावली बघण्यावर आहे, महिनोन्महिने नोंद ठेवायची. शाळेत एवढं सलग कोण करणार, सुट्ट्या येतात, परीक्षा येतात, पण घरी गच्चीवर एक काठी सिमेंटच्या डब्यात उभी केली की झालं. धाकटी खडूने सावलीचं टोक मार्क करते, मधला टेपने मोजून तक्त्यात लिहितो आणि थोरली त्याचा आलेख काढते. आणि मग आठवीचा स्थानिक वेळ-प्रमाण वेळ हा धडा अगदी आपोआप आला, कारण पोरांनी बघितलं की सगळ्यात छोटी सावली बाराला पडतच नाही, साडेबाराच्या आसपास पडते. का? तर भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्ताची, सातारा साधारण ७४ अंशांवर, फरक साडेआठ अंशांचा, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३४ मिनिटं. थोरलीने हे गणित मांडलं आणि घड्याळ खोटं बोलतंय असं मधल्याने जाहीर केलं! मे महिन्यात शून्य सावलीचा दिवसही, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली गायब होते तो, आम्ही त्याच काठीवर बघितला. दुसरा शून्य सावली दिवस पावसाळ्यात येतो, आपल्याकडे ढगांमुळे दिसणं कठीण.

नद्यांसाठी तर आम्हाला लांब जायलाच लागत नाही, संगम माहुलीला कृष्णा-वेण्णा भेटतात तिथे गेलो. तुमच्या गावाला जी नदी, ओढा, धरण असेल ते घ्या. तिसरीचं जिल्ह्याचं पुस्तक यासाठी मोठ्या मुलांच्या हातातसुद्धा देण्यासारखं आहे, त्यातले तालुक्यांचे नकाशे आमच्या थोरलीने अजून सोडलेले नाहीत.

गणित मात्र वेगळं, ते वर म्हटलंच. इथे बालभारतीची पुस्तकं मला कमी पडली. मांडणी चांगली आहे पण सरावाची उदाहरणं थोडी आहेत, शाळेत बाई फळ्यावर जास्तीची घालतात असं गृहीत धरलंय बहुतेक. धाकटीसाठी मी दिल्लीच्या जोडो ज्ञान या संस्थेची गणितमाळ मागवली, शंभर मण्यांची माळ, दर दहा मण्यांनी रंग बदलतो. मराठी घरांसाठी ही माळ फार कामाची आहे, कारण आपले आकडे म्हणताना आधी एकक येतं आणि लिहिताना आधी दशक, आणि वर एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'तीस दोन' अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा किती गदारोळ झाला होता आठवत असेल. माझं मत विचाराल तर लहान मुलाला आधी माळेवर पाच दहा आणि वर आठ मणी दिसू द्या, मग ते पन्नास आठ म्हणो नाहीतर अठ्ठावन्न, त्याला संख्या कळलेली असते. आम्ही दोन्ही म्हणतो. माळ घरीही करता येते, दोन रंगांचे मणी आणि मजबूत दोरा, फक्त मणी मोठे घ्या आणि दोरा थोडा सैल ठेवा, नाहीतर मणी सरकत नाहीत आणि सगळी मजा जाते.

गणिताची वेळ कशी काढायची हा सगळ्यांचा प्रश्न असतो. मी प्रत्येकासोबत स्वतंत्र बसते, अर्धा तास पुरतो, खरंच पुरतो, कारण शाळेतल्या तासात चाळीस पोरं असतात आणि इथे एक. एकाशी मी बसले की बाकी दोघांना वाचन, चित्र, किंवा धाकटीला थोरलीकडे पाटी घेऊन बसवायचं. थोरली आठवीचं गणित आणि विज्ञान इंग्रजीतून करते, सेमीसारखं, आणि इथे बालभारतीचा अजून एक फायदा आहे की तेच पुस्तक मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही मिळतं, धडे त्याच क्रमाने. इंग्रजीत काही अडलं की शेजारी मराठी पुस्तक उघडायचं. ट्यूशनची गरज मला तरी अजून पडलेली नाही.

आता उणिवा, कारण नुसतं कौतुक करून उपयोग नाही. स्वाध्याय फार ठोकळेबाज आहेत, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तरे लिहा. आम्ही ते बहुतेक सोडून देतो. त्याऐवजी पुस्तकाच्या सुरुवातीला अध्ययन निष्पत्तीचं पान असतं ते वाचा, मी आधी कित्येक दिवस ते पान उलटून पुढे जायचे तसं करू नका. या विषयात मुलाला काय काय करता आलं पाहिजे ते तिथे मुद्द्यांनी दिलेलं असतं. त्याची फोटोकॉपी काढून प्रत्येकाच्या फाईलला लावायची आणि जे जमलं त्यापुढे तारीख टाकायची. माझ्यासाठी तेच प्रगतिपुस्तक. उद्या कोणी विचारलं की मुलाने वर्षभर काय केलं तर दाखवायला कागद असतो.

दुसरी उणीव म्हणजे इंग्रजी वाचन आणि एकूणच अवांतर वाचन. पाठ्यपुस्तकात धडे मोजके असतात आणि पोरं ते पहिल्या आठवड्यात वाचून टाकतात. त्यासाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची साइट वापरा, २०१५ पासून आहे, फुकट आहे, आणि गोष्टी वाचनाच्या पातळ्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही, त्यामुळे धाकटी मराठीत ऐकते आणि मधला तीच इंग्रजीत वाचतो. अनुवादांचा दर्जा सारखा नाही, काही मराठी फारच पुस्तकी आहे, आधी स्वतः वाचून निवडा. आणि 'किशोर' विसरू नका, तेही बालभारतीचंच मासिक, १९७१ पासूनचं. जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात आणि आमच्याकडे रात्री जेवणानंतर त्यातलं काहीतरी मोठ्याने वाचायचं हा नियम झालाय, वाचणारा रोज वेगळा. पन्नास वर्षांपूर्वीच्या अंकातली गोष्ट आजच्या पोराला धरून ठेवते याचं मला अजून नवल वाटतं.

संदर्भासाठी मराठी विश्वकोश, हा तर आमच्याच जिल्ह्यातला, वाईला मंडळाचं ऑफिस, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं काम. ऑनलाइन फुकट आहे. भाषा जड आहे हे मान्य, धाकट्या दोघांना नाही झेपत, पण तेरा वर्षांच्या मुलीला विश्वकोशातली एक नोंद वाचून तिचा पाच ओळींत सारांश लिहायला लावा, मराठी आणि विषय दोन्ही होतात.

विज्ञानाच्या प्रयोगांसाठी अरविंद गुप्तांची साइट. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी बनवली, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. साइटवर मराठी पुस्तकंही ढिगाने आहेत. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर पोरं दोन-दोन तास बसतात. त्रिकोण करा, दाबा, हलत नाही. चौकोन करा, दाबा, लगेच तिरका होतो. धाकटी घर बांधते, मधला चौकोनाला कर्ण लावून घट्ट करतो आणि थोरलीला मी विचारते की रेल्वेच्या पुलावर त्रिकोणच त्रिकोण का असतात. व्हॉल्व्हची नळी आता सायकलच्या दुकानात सहज मिळत नाही, जुन्या दुकानात विचारा. पुस्तकांवरच्या क्यूआर कोडमधून दीक्षा ॲपवर व्हिडिओ उघडतात, ते मात्र मला ठीकठाकच वाटले, काही चांगले, बरेचसे म्हणजे धडा वाचून दाखवलाय फक्त.

तिसरी आणि मोठी तक्रार २०२३-२४ च्या पुस्तकांबद्दल. दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून तेव्हा सगळे विषय एकत्र करून वर्षाचे चार भाग केले आणि धड्यांमागे 'माझी नोंद' अशी कोरी पानं टाकली. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पाठीला त्याने आराम मिळाला असेल, हेतू चांगलाच होता, पण आपल्यासारख्यांना ती पुस्तकं वापरताना फार कटकट होते. इतिहास सलग शिकवायचा तर चार पुस्तकं उघडायची, आणि अनुक्रमणिका जुळवणं तर विचारूच नका. रद्दीवाल्याकडे किंवा नातेवाइकांकडे सेट मिळाला तर तो कुठल्या वर्षाचा आहे हे आधी बघून घ्या, विषयवार वेगळी पुस्तकं असतील तोच सेट उचला. शिवाय २०२५ पासून पहिलीची पुस्तकं नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे बदलली आणि पुढच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने बदलायच्या आहेत, त्यामुळे मी वर सांगितलेल्या जोड्या आम्ही वापरलेल्या आवृत्तीच्या आहेत, तुमच्या हातात नवी आवृत्ती असेल तर अनुक्रमणिका परत जुळवून घ्यावी लागेल. जुनी पुस्तकं मी फेकलेली नाहीत आणि फेकणारही नाही. चौथीचं शिवछत्रपती तर धाकटीसाठी जपून ठेवलंय.

जगाचा इतिहास या पुस्तकांत खालच्या इयत्तांना फार कमी मिळतो, तो मी वेगळा घालते. नकाशा, ग्रंथालयातली पुस्तकं आणि गप्पा. यावर जास्त लिहीत नाही, प्रत्येक घराची आवड वेगळी.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, पुढे परीक्षेचं काय. इथे सांभाळून वाचा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, त्यात घरी शिकवण्याबद्दल वेगळं कलम नाही. दहावीसाठी आम्ही थोरलीला एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बसवणार आहोत. तिथे दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय घ्यायचे, परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. तीन मुलांच्या घरात ही सोय फार मोठी आहे, थोरलीची परीक्षा म्हणून सगळं घर वर्षभर थांबवून ठेवावं लागत नाही, दोन विषय आत्ता, तीन नंतर असं करता येतं. मराठी माध्यमही आहे. विषयांचे स्वाध्याय वेळेत जमा करायचे असतात, त्याचे मार्क धरतात, ते विसरू नका. लहान मुलांसाठी त्यांचाच मुक्त बेसिक शिक्षणाचा कार्यक्रम आहे, ए, बी, सी अशा तीन पातळ्या, तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या. महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, ते पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेतं. आणि राज्य मंडळाचीच दहावी द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसायचा, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला मागतात, थोरलीकडे तो आहे, धाकटीकडे असणारच नाही. त्यामुळे ज्यांची मुलं कधीच शाळेत गेली नाहीत त्यांनी कागदपत्रांचा विचार दहावीच्या तोंडावर न करता आत्ताच करावा. नियम बदलत असतात, अर्ज भरायच्या वर्षी त्या त्या मंडळाच्या साइटवर जाऊन बघाच.

एनआयओएसची पुस्तकं आणि बालभारतीची पुस्तकं वेगळी आहेत हे खरं. म्हणून आठवीपर्यंत बालभारती आणि नववीच्या वयापासून थोरलीचे दोन विषय एनआयओएसच्या पुस्तकातून, असं मी ठरवलंय. बाकी 'सगळ्यांचं' रकान्यात ती तशीच राहील, आणि मला ते मुद्दाम तसंच हवंय. धाकट्यांना समजावून सांगताना तिचं तिलाच जे पक्कं होतं ते मी कुठल्या वर्कशीटने करून दाखवू शकणार नाही.

कोणी घेऊ नये हेही सांगते. घरात मराठी वाचन नसेल, किंवा मुलांना सीबीएसईकडे परत पाठवायचं नक्की ठरलं असेल, तर एनसीईआरटीची पुस्तकं बघा, तीही फुकट मिळतात. ज्यांना रोज सकाळी उठून आयतं टाइमटेबल हवंय त्यांनाही हे जड जाईल. मे महिन्यात चार-पाच दिवस मन लावून बसायची तयारी पाहिजे, अनुक्रमणिका जुळवण्यात खरी मेहनत आहे, आणि ती वर्षभर पुरते. नोकरी सांभाळून घरी शिकवणाऱ्यांनी सुरुवातीला फक्त एक विषय 'सगळ्यांचं' करून बघावा, इतिहास सगळ्यात सोपा.

पाचपैकी मार्क द्यायचे तर इतिहास-भूगोलाला पाच, विज्ञानाला साडेचार, मराठीला चार, गणिताला साडेतीन, इंग्रजीला तीन. स्वाध्यायांना मी मार्क देत नाही.

खरेदीचं शेवटचं. जूनमध्ये दुकानात गेलात तर झुंबड असते आणि नेमकं एखादं पुस्तक संपलेलं असतं, बहुतेक वेळा तिसरीचं जिल्ह्याचं किंवा भूगोल. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानदाराला यादी लिहून द्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना कोल्हापूरचं बालभारतीचं भांडार जवळ पडेल. पीडीएफची प्रिंट काढायच्या भानगडीत पडू नका, रंगीत प्रिंट छापील पुस्तकाच्या कितीतरी पट महाग पडते, फक्त नकाशांची पानं तेवढी मोठ्या कागदावर काढून घ्या. आणि सेट घेताना प्रत्येक मुलाच्या इयत्तेच्या वरच्या एका इयत्तेचा इतिहास-भूगोलही बरोबर उचला.